बेसाल्टाचे स्फटिकीभवन व खनिजांचे रासायनिक संघटन

शिलारस थिजून अग्निज खडक तयार होताना त्यातील खनिजे कोणत्या क्रमाने व कोणत्या परिस्थितीत स्फटिकरूप झाली, याचे अनुमान त्यांच्या रासायनिक संघटनावरून करता येते. पालघर जिल्ह्यातील घोलवड, डहाणू व तलासरी हा भाग दक्षिण ट्रॅपच्या प्रदेशात मोडतो. तेथील बेसाल्टाचा इतिहास सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हा उद्‌गिरणांशी निगडित आहे.

एच. एस. वॉशिंग्टन यांनी १९२२ मध्ये दक्षिण ट्रॅपच्या खडकांची रासायनिक विश्लेषणे प्रसिद्ध केली. तथापि सबंध खडकाचे विश्लेषण ही केवळ सरासरी असते. सह्याद्रीतील काही बेसाल्टांत फेल्स्पाराचे कित्येक सेंमी. लांबीचे स्फटिक आढळतात. असे स्फटिक अन्यत्र वाढून शिलारसात साचलेले असल्यास खडकाचे संघटन मूळ द्रवाचे मानणे चुकीचे ठरते.

हा प्रश्न सोडविण्याचा पाया एन. एल. बोएन यांनी १९१३ मध्ये प्लॅजिओक्लेज फेल्स्पारांवरील प्रयोगांनी घातला. शुद्ध ॲनॉर्थाइट सु. १,५५०° से.ला, तर अल्बाइट सु. १,१००° से.ला वितळते. त्यामुळे प्रथम बनणारा स्फटिक कॅल्शियमाने समृद्ध असतो व तापमान उतरेल तसे सोडियमाचे प्रमाण वाढते. शीतलन जलद झाल्यास आतील भाग बदलत नाही आणि स्फटिकात निरनिराळ्या संघटनांची वलये राहतात. क्रम मध्येच उलटा झाल्यास नव्या, अधिक तप्त शिलारसाची भर पडली असावी, असे एक अनुमान निघते. मात्र दाब वा पाण्याचे प्रमाण बदलल्यानेही तसे घडू शकते.

एल. एल. फर्मर यांनी भुसावळ येथील कूपछिद्रातील २९ लाव्हा थरांचे वर्णन १९२५ मध्ये केले. आर. एन. सुखेश्वाला व ए. पोल्डरव्हार्ट यांचा मुंबई परिसरातील बेसाल्टांवरील अभ्यास १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. आर. कास्टँ यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्म अन्वेषकामुळे पुढे स्फटिकाच्या एकेका बिंदूचे विश्लेषण शक्य झाले. पी. एल. रोडर व आर. एफ. एम्सली यांनी १९७० मध्ये ऑलिव्हीन व द्रव यांतील लोह-मॅग्नेशियमाच्या वाटणीचा गुणांक सु. ०·३० असल्याचे दाखविले. त्यामुळे ऑलिव्हिनावरून मूळ द्रवातील त्यांचे गुणोत्तर काढता येऊ लागले. गौतम सेन यांनी १९८६ मध्ये महाबळेश्वर परिसरातील लाव्हांचा खनिजवैज्ञानिक अभ्यास प्रसिद्ध केला.

खनिज नंतरच्या पाण्याच्या क्रियेने बदललेले असल्यास, अथवा स्फटिक व द्रव यांच्यात समतोल नसल्यास, असे गणित दिशाभूल करते. म्हणून क्षेत्रनिरीक्षण व सूक्ष्मदर्शकीय परीक्षण यांची जोड आवश्यक असते.