लोखंडाची मळी आणि आपले घर



आपल्या राजूरची ओळख सांगताना दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात : दगडी कोळसा आणि चुना. चुनखडी भट्टीत भाजली की तिचा कळीचा चुना होतो आणि पाणी पडताच तो तापून, फुगून विरतो, हे येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु हीच चुनखडी लोखंडाच्या भट्टीत पडली म्हणजे तिचे काय होते, आणि तिच्यापासून निघणाऱ्या मळीने बांधकामाच्या इतिहासात कोणते स्थान मिळविले, याची माहिती फारशी कोणास नसते. तीच येथे थोडक्यात द्यावयाची आहे.

विदर्भात लोखंड गाळण्याची विद्या फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. भट्टीबरोबर मळीही सापडली. लोखंड कारागिरांनी नेले, मळी मात्र तेथेच पडून राहिली. पुढे मोठे कारखाने निघाले तेव्हा याच मळीचे डोंगर कारखान्यांच्या दारात उभे राहिले.

ही मळी म्हणजे साखर कारखान्यातील मळी नव्हे. हिला कारखान्यात ‘स्लॅग’ म्हणतात. झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडी असे तीन पदार्थ घालतात. खनिजात लोखंडाबरोबर वाळूसारखी आणि मातीसारखी द्रव्ये असतात. चुनखडीपासून झालेला चुना या द्रव्यांना धरतो, त्यांच्यासह वितळतो आणि हलका असल्यामुळे लोखंडाच्या रसावर तरंगतो. एक टन लोखंडामागे अशी सुमारे ३०० किलो किंवा त्याहूनही अधिक मळी निघते. सिमेंटमध्येही मुख्यतः चुना, सिलिका आणि अल्युमिना हीच द्रव्ये असतात. म्हणजे मळी ही सिमेंटची जवळची नातलगच होय.

मात्र हे नाते निवविण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. मळी सावकाश निवू दिली तर तिचा दगड होतो. तो खडी म्हणून चालतो, पण सिमेंटसारखा आवळून धरत नाही. तीच तप्त मळी पाण्याच्या झोताने एकदम थंड केली तर तिचे काचेसारखे रवे होतात. १८६२ साली जर्मनीत एमिल लांगेन यांना असे आढळले की, हे रवे चुन्याबरोबर मिसळले असता पाण्यात घट्ट होतात. अर्थात मळीच्या सिमेंटचा पहिला सोबती पोर्टलंड सिमेंट नसून साधा चुनाच होता. पुढे त्याच शतकात जर्मनीत पोर्टलंड सिमेंटमध्ये दळलेली मळी मिसळण्यास प्रारंभ झाला.

याच सुमारास आपल्या भागातही एक महत्त्वाची घटना घडली. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्‌झ या तज्ज्ञाने तत्कालीन चांदा जिल्ह्यातील लोहखनिजासंबंधी अहवाल लिहिला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते आणि वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याला कोळशाची खाणही होती. परंतु जर्मनीत तपासणी केली असता वरोऱ्याचा कोळसा या कामास अयोग्य ठरला. तो योग्य ठरता, तर कदाचित देशातील पहिला मोठा पोलाद कारखाना आपल्या शेजारी उभा राहिला असता. टाटांचा कारखाना साकची, म्हणजे आजचे जमशेदपूर, येथे निघाला. पुढे १९५९ साली भिलाई येथील झोतभट्टी सुरू झाली. मळीच्या सिमेंटसाठी भारतीय मानक मात्र १९५३ सालीच तयार झाले होते. आजच्या मानकानुसार अशा सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के मळी असू शकते.

आज या जुन्या शोधाला नवे महत्त्व आले आहे. सिमेंटचा क्लिंकर भाजताना एका टनामागे पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातील निम्म्याहून अधिक वायू इंधनातून नव्हे, तर खुद्द चुनखडीतून सुटतो. मळीतील चुनखडी मात्र लोखंड करतानाच भाजून झालेली असते, म्हणून तितका क्लिंकर वाचतो आणि जमिनीतील चुनखडीही वाचते. आपल्या पायाखालचा हा दगड अमर्याद नाही, याची जाणीव आपल्याइतकी दुसऱ्या कोणास असावी?

येथे एक भेद लक्षात ठेवावा. झोतभट्टीची मळी वेगळी आणि पोलाद शुद्ध करताना निघणारी मळी वेगळी. पोलादाच्या मळीत काही चुना मोकळा राहतो आणि ओल लागताच तो आपल्या कळीच्या चुन्यासारखा फुगतो. अशी मळी तशीच काँक्रीटमध्ये घातली तर ते तडकते. योग्य प्रक्रिया केल्यावर मात्र तीही उपयोगी पडते. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्राने मुंबई–गोवा महामार्गावर पनवेल–इंदापूर टप्प्यात पोलादाच्या मळीचा रस्ता तयार झाला असून २०२४ च्या जानेवारीत त्याचे उद्घाटन झाले.

घर बांधणाऱ्या पालकांसाठी आता व्यवहाराची गोष्ट. मळीचे किंवा राखेचे सिमेंट म्हणजे भेसळ, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. मानकाप्रमाणे केलेले मळीचे सिमेंट खाऱ्या पाण्यात आणि क्षारयुक्त जमिनीत चांगले टिकते आणि जाड कामात कमी तापते. त्याचा स्वभाव मात्र सावकाश बळ धरण्याचा आहे. म्हणून घाईने फळ्या काढू नयेत, आणि पाणी मारण्यात कसूर करू नये. उष्ण व कोरड्या हवेत अशा काँक्रीटला चौदा दिवस ओले ठेवावे, अशी मानकाची शिफारस आहे. वणी तालुक्याचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्यास याचे कारण निराळे सांगावयास नको. पिशवीवरील प्रकार आणि मानकाची खूण वाचून घेण्याचे काम घरातील शिकत्या मुलामुलींकडे द्यावे.

विद्यार्थी मित्रहो, मळी तीच असते. सावकाश निवली तर खडी, योग्य क्षणी पाणी मिळाले तर सिमेंट. हा फरक कोणा जादूने नव्हे, तर निरीक्षणाने आणि प्रयोगाने सापडला. चुना, कोळसा आणि राख तुमच्या अंगणातच आहेत. त्यांचे शास्त्र मन लावून शिका. आजही पुष्कळ गोष्टी आपण टाकाऊ म्हणून उकिरड्यावर टाकतो. त्यांतील उपयोग शोधणारा उद्याचा अभियंता राजूरच्याच शाळेतून का निघू नये?