अनुबोधपट, भारतीय
प्रत्यक्षातील व्यक्ती, घटना, निसर्ग किंवा समाजजीवन यांचे चित्रण करून त्याची हेतुपूर्वक मांडणी करणारा अकथात्म चित्रपटप्रकार.

उगम : हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर (सावेदादा) यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचा सामना चित्रित केला, भारतीयाने केलेल्या वास्तवचित्रणाचा हा आरंभीचा नमुना होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने प्रचारासाठी चित्रपट-यंत्रणा उभारली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. त्याचे अनुबोधपट व वार्तापट (पहा : वार्तापट) चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखवणे बंधनकारक होते. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

वैशिष्ट्ये : प्रत्यक्ष स्थळी चित्रण, मुलाखती, संग्रहित चित्रफिती व निवेदन ही प्रमुख साधने. संगीतविषयक पटांत मणी कौल यांचे ध्रुपद (पहा : ध्रुपद) आणि सिद्धेश्वरी (१९८९) येतात, दुसऱ्यात ठुमरी गायिका सिद्धेश्वरी देवी यांच्या जीवनाची मांडणी आहे. समाजविषयक पटांत आनंद पटवर्धन यांचा हमारा शहर (१९८५) मुंबईतील झोपडपट्टीवासीयांच्या विस्थापनाचे चित्रण करतो. माइक पांडे यांचा शोअर्स ऑफ सायलेन्स (२०००) गुजरात किनाऱ्यावरील देवमुशीच्या शिकारीविषयी आहे.

महत्त्व : इतिहासाचे दृश्य साधन, लोकशिक्षण आणि धोरणविषयक चर्चा यांसाठी अनुबोधपटांचा उपयोग होतो. उदाहरणार्थ, शोअर्स ऑफ सायलेन्स या पटानंतर देवमुशीला २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली (पहा : वन्यजीव संरक्षण) संरक्षण मिळाले. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९० पासून या प्रकारासाठी भरवला जातो.