मोटार आणि लांब केबल

किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. सांगली-साताऱ्याच्या विहिरींवर मोटारी आल्या. या विजेचा दाब सेकंदाला ५० वेळा, पण सावकाश चढतो-उतरतो. गुंडाळीवरचे वार्निश तो सहज सोसते.

१९८० च्या दशकात जयंत बालिगा यांनी आयजीबीटी विकसित केला आणि इन्व्हर्टर चपळ झाले. आज एसी सौरपंपाच्या मोटारीला इन्व्हर्टरकडून झटके मिळतात. दाब मायक्रोसेकंदाच्या दशांशात उसळतो. केबल लांब असेल तर, हौदातली लाट भिंतीवर आपटून उंच चढावी तसा, तो मोटारीपाशी जवळजवळ दुप्पट होतो. मार बसतो तो गुंडाळीच्या पहिल्या वेढ्यांना. मोटार जळाली की तारेला दोष दिला जातो. केबलची लांबी आम्हीही पूर्वी विचारत नव्हतो. इन्व्हर्टरपाशीच फिल्टर बसवला, तर झटक्याची धार बोथट होते.