टर्कीच्या शिकारीचा बेत (आणि बराचसा इतिहास)

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला तेव्हा मी जमिनीवर नकाशा पसरून बसलो होतो. "काय करतोयस?" या प्रश्नाला "टर्कीच्या शिकारीला जायचा बेत चाललाय" असं खरं उत्तर दिलं आणि पलीकडे एकदम शांतता. मग म्हणाली, "बंदूक तू धरणार?"

तेव्हा आधीच खुलासा करतो (काका-आत्या मंडळीही हे वाचतात म्हणून). बंदूक मी धरणार नाही. परवाना नाही, नेमबाजी येत नाही आणि धाडस तर त्याहून नाही. मी नुसता बघ्या आणि थर्मास उचलणारा हमाल. शिकारी आहेत आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ. वय ६४, पण आम्ही दोघं-तिघं देशी मंडळी आपसात त्यांना आजोबाच म्हणतो. आईचं यावर एवढंच म्हणणं, की डोंगरात पहाटे थंडी असेल, मी विणलेला लाल स्वेटर घेऊन जा.

आम्ही राहतो व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गला, शेननडोआच्या खोऱ्यात. पूर्वेला ब्लू रिजचे डोंगर, पश्चिमेला ॲलेघनीचे. नकाशात दोन्ही बाजूंना हिरवा रंग. मी आपला पूर्वेकडे बोट ठेवून म्हणालो, हे जवळ पडेल ना? आजोबा म्हणाले, तिथे नाही. ते राष्ट्रीय उद्यान, तिथे शिकारीला बंदी. आपण पश्चिमेला जायचं. ते राष्ट्रीय वन, तिथे परवाना काढून कुणीही जावं. एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. का बदलला ते मला नंतर कळलं, त्याकडे येतोच.

शनिवार-रविवारचा बेत म्हटला तर यात रविवारचीही एक गंमत आहे. रविवार हा देवाचा वार, म्हणून व्हर्जिनियात त्या दिवशी शिकारीला पिढ्यानपिढ्या मनाई होती. २०१४ साली खासगी जमिनीपुरती ती उठली. सरकारी जमिनीवर उठली ती २०२२ मध्ये, तीही प्रार्थनास्थळापासून २०० यार्ड लांब राहण्याच्या अटीवर. म्हणजे नोकरदार माणसाला सरकारी डोंगरात पूर्ण वीकएंड मिळू लागला तो अगदी अलीकडे!

बेत आखणं म्हणजे मुख्यतः नकाशा वाचणं. सह्याद्रीत भटकलेल्यांना हे लगेच समजेल. धार कुठे, सोंड कुठे उतरते, खिंड कुठे, ओढा कुठे. आदल्या संध्याकाळी जाऊन नुसतं ऐकायचं. पक्षी रात्री उंच झाडावर बसतात. अंधार पडताना घुबडासारखा आवाज काढला की नर चिडून की दचकून, कोण जाणे, पण गुडगुडून उत्तर देतो. झालं, त्याचा पत्ता लागला. मग पहाटे अंधारातच चढून त्याच्या पातळीला किंवा थोडं वर पोचायचं, कारण तो उतार उतरून किंवा ओढा ओलांडून यायला सहसा नाखूष असतो. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसायचं आणि मादीचा आवाज काढायचा. त्यासाठी लाकडाची एक छोटी डबी असते, तिचं झाकण कडेवर घासायचं. अशा डबीचं पेटंट आर्कान्सातल्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये घेतलं होतं. सृष्टीचा नियम असा की नर गुडगुडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी त्याला उलटं करायला सांगतो, म्हणून बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येतो. वसंतातल्या हंगामात मारायचा तोही फक्त छातीवर दाढी असलेला पक्षी, आणि सुरुवातीचे आठवडे दुपारी बारा वाजता बंदूक खाली.

एवढे नियम ऐकल्यावर वाटतं हे सगळं फार प्राचीन असावं. तसं नाही. शंभर वर्षांपूर्वी हा बेत आखताच आला नसता, कारण ना जंगल होतं ना पक्षी.

ॲपलाचियन डोंगरांतली झाडी १९व्या शतकाच्या शेवटी आणि २०व्याच्या सुरुवातीला लाकूड कंपन्यांनी साफ केली. उरलेल्या काटक्यांना आगी लागल्या, माती वाहून गेली. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चेस्टनटच्या झाडांवर एक बुरशी आढळली आणि पुढच्या काही दशकांत अब्जावधी झाडं गेली. टर्कीचं, अस्वलाचं आणि डोंगरातल्या माणसाच्या डुकरांचं हक्काचं खाणं गेलं. तोवर टर्की बाजारात विकण्यासाठी वाटेल तेवढ्या मारल्या जातच होत्या. १९०० सालच्या लेसी कायद्याने चोरट्या शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्यात नेणं गुन्हा ठरवला, पण उशीर झाला होता. १९३०च्या सुमारास सगळ्या देशात मिळून दोन लाखांच्या आसपास टर्की उरल्या होत्या असा अंदाज सांगतात.

जंगल परत आलं ते एका रुक्ष कायद्यामुळे. १ मार्च १९११ रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी वीक्स कायद्यावर सही केली. पूर्वेकडे बहुतेक जमीन खासगी होती, म्हणून सरकारने ती विकत घ्यायची. कारण काय द्यायचं? निसर्गसौंदर्य वगैरे चाललं नसतं. कारण दिलं नद्यांचं: जलवाहतुकीच्या नद्यांचे उगम राखायचे तर डोंगरावर झाडी हवी. अशा उजाड जमिनी घेत घेत १९१८ मध्ये इथे शेननडोआ राष्ट्रीय वन झालं. शेजारी त्याच नावाचं उद्यान येणार म्हणून १९३२ मध्ये त्याला जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव दिलं. आज जेफरसन वनासकट ते १८ लाख एकर आहे.

पक्ष्याचं काम जास्त अवघड निघालं. पैसा आला १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यातून. बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांना. याच व्हर्जिनियात हेन्री मॉस्बी आणि चार्ल्स हँडली यांनी रानोमाळ फिरून टर्कीवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९४३ मध्ये आला. पण पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं हजारोंनी सोडूनही रानात टिकेनात. ससाणा दिसला की दडायचं, हे शिकवायला आईच नव्हती ना! शेवटी १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनात तोफेने उडवायचं जाळं वापरून रानटी टर्की जिवंत पकडल्या आणि जिथे नव्हत्या तिथे नेऊन सोडल्या. तिथून चक्र फिरलं. आज देशात साठ लाखांच्या वर टर्की आहेत.

हे वाचून मी भारावलो होतो, खोटं कशाला सांगू. आईचं माहेर सोलापूरकडचं. तिच्या वडिलांनी तिला माळावर माळढोक दाखवलेला. नान्नजचं अभयारण्य १९७९चं, म्हणजे आमच्याकडेही कायदा होता, जमीनही होती (कागदावर तर ८,४९६ चौरस किलोमीटर, पुढे ती १,२२२ वर आली), आणि तरी आता तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. म्हणून हे सगळं आजोबांना उत्साहाने सांगायला गेलो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग नकाशावर पूर्वेकडच्या हिरव्या पट्ट्यात पेन्सिलीचं टोक ठेवलं आणि म्हणाले, माझ्या आजोबांचं घर इथे होतं.

उद्यानाची जमीन विकत घेण्याची वाट व्हर्जिनियाने पाहिली नाही. १९२८ मध्ये खास कायदा करून ती सरसकट सक्तीने घेतली. सुमारे पाचशे कुटुंबं डोंगरावरून उठली. वृत्तपत्रांतून आणि पुस्तकांतून त्यांना अडाणी, रानटी ठरवलं गेलं, म्हणजे उठवताना कुणाला वाईट वाटू नये. त्यांच्याही आधी या डोंगरांत शिकार करणारे मूळ रहिवासी होतेच, त्यांचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. १९३६ मध्ये रूझवेल्ट येऊन उद्घाटन करून गेले. आता स्कायलाइन ड्राइव्हवरून मोटारी जातात आणि रस्त्याच्या कडेला टर्की निवांत चरत असतात. आजोबांना तिथे टर्की बघता येते. त्यांचे आजोबा जिथे शिकार करत, तिथे त्यांना शिकार करता येत नाही. याबद्दल ते रागावलेले आहेत का, हे मला विचारवलं नाही. पश्चिमेचं वन मात्र ते "आमचं" म्हणतात.

जाता जाता, या पक्ष्याचं आपल्याशीही जुनं नातं आहे बरं का. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या अजब वस्तू नेल्या त्यात टर्की होती. पोर्तुगीज तिला 'पेरू' म्हणतात, तुर्क 'हिंदी' म्हणतात, इंग्रज तुर्कस्तानची म्हणतात. बिचारीचा मूळ देश कुणालाच सांगता आला नाही. जहांगीराने आठवणींत तिचं डोकं कसं लाल, पांढरं, निळं होत राहतं ते लिहिलंय, आणि चित्रही काढवून घेतलं. ते मन्सूरचं मानलं जातं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

हेच रंग आजोबांच्या यादीत सर्वांत वर लिहिलेत. लाल, पांढरं, निळं काहीही अंगावर नको, रुमालसुद्धा नको. झाडीतून दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही नर टर्की वाटाल.

शुक्रवारी चार वाजता निघतोय. थर्मास, विजेरी, दोन सफरचंदं, डासांचं मलम. आईचा लाल स्वेटर घरीच राहणार. कारण तिला अजून सांगितलेलं नाही.