पेशींचा प्रवास

सकाळी ठाणे स्थानकावर उतरलेल्या गर्दीतून वागळे इस्टेटीतील कामगार नेमका आपल्याच कारखान्याच्या दारी पोहोचतो. कारण दारावरची पाटी त्यास वाचता येते. शरीरातील पेशीस डोळे नाहीत. तरीही ती एका अवयवातून निघून ठराविक अवयवातच जाऊन वस्ती करते. ती पाटी वाचते कशी, या प्रश्नाच्या इतिहासाचे एक पान मुंबईत लिहिले गेले आहे.

१८८९ साली लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रोग्यांच्या नोंदी अभ्यासिल्या. यकृत व प्लीहा या दोहोंस रक्ताचा पुरवठा भरपूर. पण रोग यकृतात वारंवार पसरलेला, प्लीहेत क्वचित. तेव्हा पेशी केवळ रक्ताच्या ओघाबरोबर वाहत जाते, हे मत लंगडे पडले. बीजास मानवेल अशी जमीनही हवी, असा पॅजेट यांचा निष्कर्ष होता.

परंतु मृताच्या देहात पेशीची चाल कशी दिसावी? १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जातंतू लसीकेच्या थेंबात वाढताना पाहिला, आणि पेशी शरीराबाहेर जगविण्याच्या विद्येचा पाया पडला. ती विद्या मुंबईत रुजविली डॉ. कमल रणदिवे यांनी. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या या विदुषीने डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत अनुभव घेऊन त्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातील ती पहिलीच. स्तनाचा कर्करोग हा त्यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होता.

पाटीचे रहस्य जगातील अनेक प्रयोगशाळांतून हळूहळू उलगडले. पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे ‘ग्राही’ असतात. कुलपात किल्ली बसावी तसा विशिष्ट निरोप्या रेणू त्यांत बसतो. ज्या बाजूस असे रेणू अधिक, त्या बाजूचे ग्राही अधिक जागे होतात. मग आतील ॲक्टिनचे तंतू तिकडे गुंफले जाऊन पेशीची कड पुढे सरते, दुसऱ्या जातीचे ग्राही भोवतालच्या ऊतीस घट्ट धरतात आणि मागला भाग ओढला जातो. जखमेकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी अशाच चालतात.

२००१ साली असे दिसून आले की, स्तनकर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ हा ग्राही विपुल असतो, आणि त्याचा निरोप्या रेणू फुप्फुस, यकृत व अस्थिमज्जा येथे, म्हणजे हा रोग जेथे पसरतो तेथेच, मुबलक असतो. उंदरांत तो ग्राही अडविताच रोगाचा फैलाव घटला. त्याच वर्षी रणदिवे निवर्तल्या.

कर्करोगाचा रोगी बहुधा मूळ गाठीने दगावत नाही. तो दगावतो पेशींच्या या प्रवासाने. म्हणूनच त्यांच्या वाटेवरची पाटी पुसता यावी, यासाठी संशोधक आजही झटत आहेत.