लॅक्स्टनचीं बिनकुंपणाचीं शेतें

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यांत, नेवार्क शहराच्या उत्तरेस, लॅक्स्टन नांवाचें एक लहानसें खेडें आहे. जमीन चिकण व जड. गांवालगत नॉर्मन काळांतील किल्ल्याची मातीची टेकडी शिल्लक आहे. तथापि इतिहासाचे अभ्यासक येथें येतात ते किल्ल्यासाठीं नव्हे, शेतांसाठीं.

मध्ययुगांत मध्य इंग्लंडमधील पुष्कळ गांवांची वहिवाट अशी होती: घरें व गोठे गांवठाणांत, आणि सभोंवार दोन-तीन प्रचंड शेतें, त्यांस कुंपण नाहीं. प्रत्येक शेताचे लांबट पट्टे पाडलेले. एकाच कुळाचे पट्टे निरनिराळ्या ठिकाणीं विखुरलेले. त्यामुळें चांगली व हलकी जमीन सर्वांच्याच वांट्यास येई. एका शेतांत गहूं, दुसऱ्यांत वसंतांत पेरावयाचें धान्य, तिसरें पडीक. दरसाल हा क्रम फिरे. कापणीनंतर साऱ्या गांवाचीं गुरें तेथें एकत्र चरत. अर्थात् एकानें पेरणीस उशीर केला, तर सर्वांचाच खोळंबा.

पुढें कुंपणें आलीं. १६०४ ते १९१४ या काळांत पार्लमेंटनें ५,००० हून अधिक कायदे करून सुमारें ६८ लक्ष एकर जमीन बंदिस्त केली. उत्पन्न वाढलें हें खरें. परंतु ज्याची सारी मिळकत म्हणजे गायरानावर चरणारी एक गाय, त्यास मजुरीवांचून गत्यंतर उरलें नाहीं.

लॅक्स्टन मात्र वांचलें. जुन्यावरील प्रेमामुळें? मुळींच नव्हे. येथील जमीन मुख्यत्वें अर्ल मॅनव्हर्स व अर्ल ऑफ स्कारबरो या दोन जमीनदारांत वांटलेली होती, आणि त्यांचें एकमत होईना. बेबनावाच्या पदरीं एवढें पुण्य क्वचितच पडलें असेल! कांहीं जमीन बंदिस्त झालीच. तरी मिल, साउथ व वेस्ट हीं तीन शेतें टिकलीं. १६३५ सालीं मार्क पियर्स यानें काढलेला गांवचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहे. त्यांत पट्टे तर आहेतच, शिवाय नांगर हांकणारीं व कापणी करणारीं इवलालीं माणसेंही चितारलेलीं आहेत.

१९५२ सालीं गांव सरकारच्या ताब्यांत गेलें, आणि २०२० सालीं पुन्हां मॅनव्हर्स घराण्याच्या वारसांच्या थोर्सबी इस्टेटीकडे आलें. पंचांचें काम या अदलाबदलींत थांबलें नाहीं. नोव्हेंबरअखेर ते गव्हाचें शेत पाहावयास निघतात. कोणी रस्त्यावर अगर सामाईक गवतावर नांगर घातला असेल, तर खुंट्या ठोकून हद्द कायम करतात. पुढील आठवड्यांत ‘कोर्ट लीट’ ही जुनी ग्रामकचेरी भरते व दंड सांगितला जातो. कचेरीची जागा म्हणजे गांवांतील डव्हकोट नांवाचें मद्यगृह.