फुप्फुसातील लिम्फोमा : क्ष-किरणछाया आणि ऊतीची साक्ष

वसईच्या पाचूबंदरातील कोळीवाड्यात काय किंवा मुंबईत काय, छातीच्या क्ष-किरणचित्रात डाग दिसला की प्रथम क्षयाचा विचार होतो. आणि तो रास्तच असतो. परंतु क्षय व लिम्फोमा यांची गल्लत जुनी आहे. हॉजकिनने १८३२ मध्ये वर्णिलेला लसीकाग्रंथींचा विकार स्टर्नबर्गने १८९८ मध्ये क्षयाचाच प्रकार मानला. डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या आधारे त्याचे वेगळेपण दाखविले. फुप्फुसातील लिम्फोमा कधी न्यूमोनियासारखा पसरतो, कधी गाठींच्या, क्वचित पोकळीच्या रूपात दिसतो. १९७१ नंतर सीटी स्कॅनमुळे छाया स्पष्ट झाली, तरी क्षयाच्या औषधोपचारात महिने निघून जाण्याचा धोका टळला नाही. न ओसरणाऱ्या डागाचा तुकडा काढून तपासणे अपरिहार्यच ठरते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९४१ पासून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभारलेल्या विकृतिशास्त्र प्रयोगशाळेचे मोल याच संदर्भात जोखावे लागते.